मताचा फेरफार

दलित आत्मकथनांनी मराठी वाचकापासून फारसे काही लपवून ठेवलेले नाही. मेलेल्या जनावराचे मांस, पाणवठ्यावरचा अपमान, आईचे फाटके लुगडे, बापाची दारू, स्वतःच्या मनातला न्यूनगंड, सारे चव्हाट्यावर मांडले गेले. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली. मराठवाड्यातल्या आमच्या शिकलेल्या पहिल्या पिढीने ही पुस्तके हातात घेतली तेव्हा आपलेच जगणे कोणीतरी उभे करून दाखवल्यासारखे वाटले. परंतु या साऱ्या लेखनात एक गोष्ट मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे. लेखकाने कोणत्या निवडणुकीत कोणाला मत दिले, का दिले आणि पुढे ते का काढून घेतले, याचा हिशेब त्यात फार क्वचित सापडतो. चळवळ येते, मोर्चा येतो, पुढाऱ्यांची भांडणे येतात. मतपेटीपाशी मात्र लेखणी थांबते.

हे मौन का? माझ्या मते त्याचे कारण आपल्या समीक्षेत आणि आपल्या व्यासपीठांवरच्या भाषेत आहे. पक्षाविषयीचे मत बदलणाऱ्यासाठी आपल्याकडे दोनच शब्द आहेत. पुढाऱ्याने बदलले तर 'गद्दारी', वस्तीने बदलले तर 'अडाणीपणा'. पहिल्या शब्दाने माणूस संपवता येतो, दुसऱ्याने माणसांचा समूहच विचाराच्या कक्षेबाहेर काढता येतो. दोन्हींत विचार नाही. 'का बदलले?' हा साधा प्रश्न विचारायचे कष्ट या दोन शब्दांनी वाचतात, म्हणून ते आपल्याला प्रिय आहेत.

नामदेव ढसाळांचे उदाहरण घ्या. १९७२ साली 'गोलपिठा' लिहिणारा आणि त्याच वर्षी दलित पँथर उभी करणारा हा कवी १९७६ साली आणीबाणीच्या ऐन भरात 'प्रियदर्शिनी' लिहितो आणि पुढे 'सामना'त सदर लिहितो. यावर आपल्या समीक्षकांनी काय केले? एका गटाने राजकारणासाठी कविता नाकारली, दुसऱ्या गटाने कवितेसाठी राजकारण माफ केले. पण ज्या कवीने माणसाच्या अवहेलनेचा तळ पाहिला त्याला त्या त्या वेळी त्या त्या पक्षात काय दिसले, काय दिसेनासे झाले, हे कोणी नीट विचारले नाही. निषेध झाला, गौरव झाला. चिकित्सा राहून गेली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पक्ष बदलणे ही आंबेडकरी परंपरेला नवी गोष्ट नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९४२ साली तो बाजूला ठेवून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे केले. १९५६ साली तेही विसर्जित करण्याचे ठरवून सर्वांसाठी खुल्या अशा रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. ज्या काँग्रेसवर त्यांनी १९४५ साली एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्याच काँग्रेसच्या नेतृत्वाखालील मंत्रिमंडळात ते १९४७ साली गेले आणि १९५१ साली राजीनामा देऊन बाहेर पडले. १९५२ च्या निवडणुकीत त्यांनी समाजवाद्यांशी समझोता केला. आजच्या मोजमापाने पाहिले तर ही केवढी 'कोलांटउडी'! पण तसे कोणी म्हणू शकत नाही. कारण प्रत्येक वळणावर बाबासाहेबांनी जाहीरनामा, निवेदन, भाषण या रूपाने आपली कारणे लोकांपुढे ठेवली. क्रिप्स योजनेच्या वेळी अस्पृश्यांची स्वतंत्र संघटना का लागते, हे त्यांनी सांगितले. मंत्रिपद का सोडले, हेही सांगितले. बदल लपवला नाही आणि कारणही लपवले नाही.

आमच्याकडे तलाठ्याच्या दप्तरात फेरफार नोंदवही असते. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की सातबारा आपोआप बदलत नाही. आधी फेरफाराची नोंद होते: वारसाने गेली, विकत गेली, की वाटणीत गेली. कारणाशिवाय फेरफार मंजूर होत नाही. बाबासाहेबांच्या राजकारणाची अशी फेरफार नोंदवही आपल्याजवळ आहे. आपली स्वतःची मात्र नाही. दुसऱ्याला लिही म्हणण्याआधी आपण लिहावे, म्हणून माझ्या नोंदी येथे करतो.

माझे गाव कळमनुरी तालुक्यातले. आज तो हिंगोली जिल्हा; १ मे १९९९ पर्यंत आम्ही परभणीत होतो आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. आमच्या घरातले पहिले मत हत्तीला गेले. हत्ती हे फेडरेशनचे चिन्ह, पुढे रिपब्लिकन पक्षाचे. बापाला अक्षर येत नव्हते, हत्ती ओळखता येत होता. या हत्तीमागे बापाच्या मनात एकच गोष्ट होती: जमीन. मराठवाड्यात फेडरेशनच्या काळातच पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झाले होते. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा लढा झाला. १९६४ च्या डिसेंबरात बाप तुरुंगात गेला. परत आला तेव्हा गावाच्या गायरानावर अडीच एकराचा तुकडा आपला असे समजून त्याने दगड वेचायला सुरुवात केली.

त्याच काळात पक्ष मात्र फुटत होता. 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. बापाला त्यातले काही कळले नाही. १९६७ साली गायकवाडांनी काँग्रेसशी हात मिळवला, तेव्हा वस्तीतल्या बैठकीत सांगण्यात आले की आता बैलजोडीही आपलीच. बाप म्हणाला, "बैलजोडी ज्यायच्या घरी हाय त्यायची. आपल्याला बैल कुठं हायेत?" हे पक्षाविषयीचे मत अडाण्याचे होते काय? माझ्या मते त्या युतीवर झालेली ती नेमकी टीका होती. पण ती कोठे छापली गेली नाही.

दुसरी नोंद मायची आणि माझी. १९७२ च्या दुष्काळात माय खडी फोडायला गेली. सुकडी मिळाली, मजुरी मिळाली. तेव्हा बाप खचला होता, घर मायच्या हातावर चालले. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, कर्जमुक्तीचा कायदा झाला. मायच्या लेखी हे सारे इंदिराबाईने केले. मी तोवर औरंगाबादला नागसेनवनात शिकत होतो. पँथरच्या सभा ऐकल्या होत्या, आणीबाणीत मित्र धरले गेलेले पाहिले होते. १९७७ साली आम्ही दोघे एकाच रांगेत उभे राहिलो. मायने गायवासरावर शिक्का मारला, मी जनता पक्षावर. हिंगोलीची जागा त्या वर्षी जनता पक्षाने जिंकली. त्या संध्याकाळी मी मायला म्हणालो, "सुकडीवर मत विकलंस." तिने उत्तर दिले नाही. चुलीपुढे बसून राहिली.

त्या वाक्याची लाज मला आजही वाटते. पण ती वाटायला मला फार वर्षे लागली.

तिसरी नोंद १९७८ ची. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मुंबईत नुकतेच पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले होते, जनता पक्ष त्यात होता. मी दिलेल्या मताचे सार्थक झाले असे मला वाटले. ते वाटणे टिकले नाही. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाचही जिल्ह्यांत आग लागली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांचा खून झाला. शेकडो गावांतल्या वस्त्या जळाल्या, माणसे रानोमाळ झाली. आमची वस्ती ज्वारीच्या रानात दोन रात्री बसून होती. कडबा जळाला, दोन घरे जळाली. बापाच्या गायरानातले उभे पीक कोणीतरी गुरे घालून संपवले.

रानात बसल्या बसल्या मायने मला विचारले, "त्यातले तपल्या पक्षाचे किती होते रे?" मी गप्प राहिलो. मग तीच म्हणाली, "तपलेबी होते, मपलेबी होते."

त्या रात्रीच्या माणसांची नावे मी येथे लिहीत नाही, त्यांच्या पक्षांचीही नाही. कारण त्या रात्री त्यांना पक्ष नव्हता, फक्त जात होती. माझ्या राजकीय समजुतीतला सर्वांत मोठा फेरफार तेथे झाला. मुंबईत ठराव करणारा पक्ष आणि गावात काडी लावणारा जमाव यांची सभासदत्वाची पावती एकच असू शकते, हे मला कळले. पक्षाला दोन तोंडे असतात. शहरातल्या वाचकाला त्याचे विधिमंडळातले तोंड दिसते. वस्तीला त्याचे वेशीतले तोंड दिसते. मराठीतली राजकीय कादंबरी पाहा. अरुण साधूंची 'सिंहासन' मोठी आहे यात शंका नाही. पण तिची नजर प्रामुख्याने सत्तेच्या दालनांत फिरते. वेशीतला पक्ष लिहायचे काम दलित साहित्याचे होते. ते आपण पुरते केले नाही.

एस. एम. जोशींसारखे समाजवादी नामांतराच्या बाजूने उभे राहिले, हे मी विसरलेलो नाही. गोविंदभाई श्रॉफांसारखे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले ज्येष्ठ विरोधात उभे राहिले, हेही विसरलेलो नाही. ज्यांना आपण परिवर्तनाचे सोबती समजत होतो त्यांच्यातच ही फाळणी झाली. म्हणून पक्षाच्या नावावरून, ध्येयधोरणांच्या पुस्तिकेवरून माणसे ओळखण्याची माझी सवय त्या वर्षी गेली.

चौथी नोंद धनुष्यबाणाची. १९८५ नंतर शिवसेना मराठवाड्यात पसरली. नामांतराला तिचा विरोध उघड होता. १९९१ साली हिंगोलीचा खासदार शिवसेनेचा झाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. नामांतर मागितले, नामविस्तार मिळाला. १९९५ साली आलेल्या युती सरकारने मराठवाड्यातले अत्याचारविरोधी कायद्याखालचे खटले मोठ्या संख्येने मागे घेतले. मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. त्या दिवशी मी घरी सांगितले: या घरातले मत धनुष्यबाणाला कधी जाणार नाही. याच काळात भारिप बहुजन महासंघाने किनवटची पोटनिवडणूक जिंकली होती. १९९३ साली भीमराव केराम निवडून आले तेव्हा 'किनवट पॅटर्न' हा शब्द आम्ही मंत्रासारखा म्हणत होतो. आदिवासी उमेदवार, पाठीशी बौद्धांची मते, प्रस्थापितांचा पराभव! तेच केराम २०१९ पासून भारतीय जनता पक्षाचे आमदार आहेत. किनवट आमच्याच लोकसभा मतदारसंघात येते. मी त्यांना शिवी देत नाही. पण या प्रवासाची कारणे आपल्यापैकी कोणी अभ्यासली काय? १९९८ साली रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार काँग्रेसच्या युतीने खुल्या जागांवरून निवडून आले. तेव्हा मी पेढे वाटले. त्या चौघांच्या वाटा पुन्हा वेगळ्या का झाल्या, याचीही चिकित्सा झाली नाही. मध्यंतरी हत्ती बहुजन समाज पक्षाच्या हाती आला होता. म्हाताऱ्या बापाने एकदा मतपत्रिकेवर तो पाहिला आणि घरी येऊन म्हणाला, "हत्ती वापस आला." त्याने कोणत्या पक्षाला मत दिले हे त्याला ठाऊक नव्हते, कशाला दिले हे ठाऊक होते.

आता गायरानाचे सांगतो, कारण माझ्या सगळ्या नोंदी शेवटी तेथेच येऊन थांबतात. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. सरकार काँग्रेसचे होते. बापाजवळ दंडाच्या पावत्या होत्या, एक-ई नमुन्यात नाव होते. अर्ज गेला. मग युतीचे सरकार आले, मग आघाडीचे, मग पुन्हा युतीचे. अर्ज तेथेच राहिला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल आला. गायराने मोकळी करण्याचा आदेश देताना त्यात भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांपुरता अपवाद ठेवलेला आहे. पण आमच्याकडे पट्टाच नव्हता! त्याच वर्षी राज्याने अतिक्रमणे काढण्याचा निर्णय काढला, आणि २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा नोटिसांची भीती आली. तुकडा अजून भावाच्या वहितीत आहे. सातबारा अजून सरकारच्या नावे आहे. माझ्या हयातीत या राज्यावर राज्य केलेला असा एकही मोठा पक्ष नाही की ज्याच्या काळात आम्ही तो कागद मागितला नाही.

तेव्हा मला सांगा, माझे मत पक्षापक्षांतून फिरत राहिले, की एकाच जागी उभे राहून प्रत्येक पक्षाला तोच प्रश्न विचारत राहिले?

पण येथे स्वतःला फार लवकर निर्दोष ठरवू नये. आमच्या वस्तीपलीकडे मातंग वस्ती आहे. तिने हत्तीला आपला कधी मानले नाही. आम्हीही तिला तो आपला वाटावा म्हणून काही केले नाही. तिचे मत 'विकले गेले' असे आम्ही बौद्धांनी सहज म्हटले. सवर्ण आमच्याविषयी जे बोलत तेच आम्ही तिच्याविषयी बोललो. ही नोंदही याच वहीत व्हायला हवी.

शेवटची नोंद ताजी आहे. २०१४ साली हिंगोलीत काँग्रेसचे राजीव सातव १,६३२ मतांनी निवडून आले. त्यातले एक मत माझे होते. त्यांच्याविरुद्ध शिवसेनेकडून लढून पडलेले सुभाष वानखेडे २०१९ साली काँग्रेसचे उमेदवार म्हणून आमच्यापुढे आले! त्या वर्षी आमच्या वस्तीने वंचित बहुजन आघाडीला भरभरून मते दिली. २०१९ आणि २०२४, दोन्ही वेळा या मतदारसंघात वंचितला दीड लाखाहून अधिक मते पडली आहेत. २०२४ साली 'चारशे पार'ची घोषणा झाली, संविधान बदलाची भाषा कानावर आली आणि मी मशालीचे बटण दाबले. म्हणजे ज्या सेनेला मत देणार नाही असे १९९५ साली घरात सांगितले होते, तिच्याच फुटलेल्या अर्ध्या भागाला दिले. मुलाने वंचितला दिले. तो मला म्हणाला, "बाबा, नामांतर विसरले का?" मी म्हणालो, "विसरलो असतो तर हात थरथरला नसता." त्याचे मत चूक होते असे मला म्हणता येत नाही. माझे बरोबर होते असेही छातीठोकपणे म्हणवत नाही. कारण मात्र आहे, आणि ते मी लिहिले आहे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा झाली. सुनेच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे पैसे आले होते. तिने महायुतीला मत दिले आणि ते लपवलेही नाही. मुलगा संतापला. "पंधराशेवर मत विकलंस," तो म्हणाला. सून माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, माझ्या नावावर आयुष्यात काही आलं ते हेच पहिलं. त्याला इकणं म्हनतेत का?"

मला १९७७ ची चूल आठवली. सत्तेचाळीस वर्षांत घर तेच राहिले, वाक्यही तेच राहिले, फक्त बोलणारा बदलला. मी मुलाला म्हणालो, "आधी तिला विचार, तिला काय मिळालं नव्हतं. मग विचार, मत कोणाला दिलं." सुनेचे मत मला पटलेले नाही. पंधराशे रुपये देणारे सरकार गायरानाचा कागद देत नाही, हे मी तिला सांगितले आणि पुढेही सांगत राहीन. पण तिच्याजवळ कारण होते. १९७७ साली मायजवळही होते. मी ते ऐकून घेतले नाही, एवढाच त्या दोन प्रसंगांतला फरक आहे.

दलित साहित्याने नकार शिकवला, विद्रोह शिकवला. आता त्याने आपल्याच माणसाच्या मताचे कारण ऐकायला शिकवावे, असे मला वाटते. कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन कोणाला मत द्यायचे हे सांगण्याआधी मागच्या वेळी का दिले हे विचारावे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजीची फेरफार वही लिहून काढावी. लेखकांनी आत्मकथनातले मतपेटीपाशी कोरे राहिलेले पान भरावे. असे झाले तर पुढारी आपल्याला गृहीत धरू शकणार नाहीत. कारण ज्या समाजाजवळ आपल्या मतांच्या कारणांची नोंद असते, त्याला दर निवडणुकीत नव्याने फसवणे कठीण जाते.

फेरफाराची नोटीस लागली की हरकतीसाठी पंधरा दिवस असतात. माझ्या नोंदी मी येथे लावल्या आहेत. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र हरकतीबरोबर स्वतःची नोंदही जोडावी.